कंपाउंडर

दिग्रस रोडवर, जिनिंगच्या अलीकडे, टिनाचं शेड.
पाटी नाही. ज्याला यायचं तो
थिनरच्या वासावर येतो.

देवाजी झामरे कंपाउंडर आले
लाल मारुती घेऊन.
लाल म्हणजे आरसी बुकात लाल.
टपावर पांढुरकी, बॉनेटवर
रक्त कमी असलेल्या बाईच्या हिरड्यांसारखी.
एकोणीस उन्हाळे दवाखान्यासमोर उभी.
"औषधाले फ्रिज होता," ते म्हणाले,
"गाडीले काय होतं?"

बोट फिरवलं तर खडूसारखा रंग
बोटाला लागला.
लागला म्हणजे बरं.
रंग मेला नव्हता, वरचा पापुद्रा तेवढा मेला होता,
आणि मेलेलं काढायचं तर
जिवंतातलंही थोडं द्यावं लागतं.
हिशेब एवढाच. बाकी कोपर.

पंधराशेचा पेपर रात्रभर बादलीत.
ठोकळा जुन्या स्लिपरचा;
लाकूड नको, लाकूड हट्टी असतं.
पाण्यात एक रुपयाची शाम्पूची पुडी.
सरळ घासायचं, गोल नाही.
दाबायचं नाही. हाताने फक्त
सोबत जायचं.

गुलाबी पाणी नालीपर्यंत गेलं.
टपरीवरची पोरं ओरडली, "काय कापलं वं?"
देवाजी स्टुलावर. रोज दहा ते पाच,
ड्यूटीवर असल्यासारखे.
गाडी आणली तेव्हापेक्षा वाईट दिसायला लागली,
आंधळी, भुरकट.
दुसरा कोणी असता तर भांडला असता.
ते एवढंच बोलले,
"जखम धुतली का अशीच दिसते."

बफर रात्री.
दिवसा व्होल्टेज इतकं कमी की चाक दमतं.
बारानंतर पंपांसाठी लाइन येते,
शेताशेतातल्या विहिरी जाग्या होतात
अन् इकडे माझं मशीन.
कंपाउंडची पेस्ट, लोकरीचं चाक,
चाक लाल, ओढणी लाल, भिंतीवर शिंतोडे.
बल्बाखाली हळूहळू लाल परत आला,
मिरचीचा नाही, कुंकवाचा नाही,
यवतमाळच्या शोरूमच्या काचेमागचा.
मी स्वतःवरच खूश होऊन
पाणी प्यायले.

सकाळी शटर वर केलं. ऊन आत आलं.
ऊन कोणाचं ऐकत नाही.
बॉनेटभर कोळ्याची जाळी,
रात्री माझ्याच हाताने विणलेली,
आणि डाव्या दाराच्या कडेला
आठाण्याएवढा राखाडी डाग.
कडेवर रंग पातळ असतो.
माहीत होतं. टेप लावायची होती.
अडीच वाजले होते.

जाळी गेली. फोमचं पॅड, पांढरं पॉलिश,
अजून दोन रात्री.
डाग राहिला.
लपवता आला असता; डबीच्या तळाशी लाल होता,
ब्रश होता, आणि ते चहाला गेले होते.
आल्यावर दाखवला.

चष्मा कपाळावर ढकलून ते वाकले.
बराच वेळ वाकलेलेच.
मग म्हणाले, "नोकरी लागली त्या साली
एका लेकराची शीर सापडेना मले.
चार जागी टोचलं.
ते लेकरू आता तलाठी हाय.
अजून मले पाहून बाही खाली करते."
डागावर अंगठा ठेवला, उचलला.
"राहू दे. वळखीचं राहीन."

पैसे मोजून दिले, पन्नास जास्त, मी परत केले,
त्यांनी घेतले.
जिनिंगकडून कापसाचा एक तंतू उडत आला,
बॉनेटवर टेकला,
घसरला, खाली गेला.
धरायला तिथे काही उरलं नव्हतं.

मी म्हटलं, काका, आता उन्हात नका लावू.
त्यांनी चाबी फिरवली. हसले.
"मंग कुठी लावू, बाई?"